बंद घरातली चूल

नोएलने मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे सोफ्याच्या फटीत हात घालायचा नाही. कामाच्या पहिल्याच सकाळी मी वाकून गादीखाली चाचपायला लागले, तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. "केट," तो म्हणाला, कारण केतकी हे नाव त्याला कधीच जमलं नाही, "दिसत नाही तिथे हात घालायचा नाही." मग त्याने सोफा उलटा केला, खालचं कापड चाकूने फाडलं आणि लांब चिमट्याने एकेक वस्तू बाहेर काढली. चमचे, एक जपमाळ, कवळीचा अर्धा तुकडा आणि इन्सुलिनच्या तीन उघड्या सुया. सुया त्याने पिवळ्या डब्यात टाकल्या, झाकण लावलं आणि सोफ्याचं एक टोक उचललं. दुसरं मी उचललं. असं आमचं काम सुरू झालं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. नागपूरहून आयर्लंडमधल्या गॉलवेला पर्यावरणशास्त्रात मास्टर्स करायला आले होते आणि तासिका नसतील त्या दिवशी डेक्लन नावाच्या माणसाच्या छोट्या कंपनीत काम करायचे. कुणी म्हातारं माणूस वारलं किंवा वृद्धाश्रमात गेलं, की नातेवाईक डेक्लनला फोन करत, आणि नोएल आणि मी व्हॅन घेऊन ते घर रिकामं करायला जात असू. नोएल साठीचा होता, आधी बस चालवायचा. त्याचे हात थंडीने निळसर पडत, बोटं आखडत, आणि तो ती काखेत धरून उभा राहायचा. त्याने मला सगळं शिकवलं. काळी पिशवी पायापासून लांब धरायची, कारण आतली काच मांडीत घुसते. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी पाणी मारायचं. जड कपाट उचलायचं नाही, सतरंजीवर आडवं करून ओढायचं. एका घरामागच्या शेडवर सिमेंटचे पत्रे होते, अगदी आमच्या नागपूरच्या मागच्या पडवीवर होते तसे, ज्यांच्याखाली मी सगळे उन्हाळे अभ्यास केला होता. मी शिडी लावायला निघाले तर तो जवळजवळ ओरडलाच. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस होता, त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. त्या पत्र्यांसाठी दुसरी माणसं आली, पांढरे अंगरखे घालून, तोंडावर यंत्रासारखे मुखवटे लावून. त्या रात्री मी आईला फोन केला, पण पत्र्यांबद्दल काही बोलले नाही. काय सांगणार होते?

राहायचे पराग आणि शुभदा या नवराबायकोकडे. दोघंही एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, बाळ पाच महिन्यांचं होतं, आणि परागची आई सहा महिन्यांसाठी अकोल्याहून आलेली होती. तिला आम्ही सगळेच मावशी म्हणायचो. घर लहान, भिंती पातळ. सकाळी बाळाचं रडणं, मग मावशीचं पुटपुटत देवाचं म्हणणं, मग फोडणीचा तडतडाट आणि पाठोपाठ शुभदाचं "आई, एक्झॉस्ट लावा, अलार्म वाजेल!" हे सगळं मला अंथरुणातूनच ऐकू यायचं. मावशीला त्या अलार्मची भारी चीड होती. "भाजी परतून रायली तरी बोंबलते हे," म्हणायची. इथल्या वांग्याला चव नाही अशी तिची रोजची तक्रार होती, आणि रोज ती त्याच वांग्याचं भरीत करायची, गॅसवर नीट भाजून, हिरवी मिरची ठेचून. मी कामाला जाताना स्टीलचा डबा हातात द्यायची आणि म्हणायची, "त्या तुह्या म्हाताऱ्यालेही दे." नोएलला झुणका आवडायचा. तो पोळीत गुंडाळून खायचा, डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो म्हणायचा, "ग्रँड. तुझ्या मावशीला सांग, ग्रँड."

ते घर शहरापासून तासाभरावर होतं, दलदलीच्या काठाला, आजूबाजूला एकही घर नाही. एकटा राहणारा म्हातारा वसंतात वारला होता. त्याची पुतणी दूर राहायची. तिने उन्हाळाभर घर बंद ठेवलं आणि ऑक्टोबरात डेक्लनला किल्ली दिली. वीज तोडलेली होती. भिंतींना ओल, पायऱ्यांवर कुबट वास, आणि स्वयंपाकघरात एक मोठी काळी लोखंडी चूल, जिला तिकडे रेंज म्हणतात. शेजारच्या टोपलीत टर्फ पडलेलं होतं, दलदलीतून कापून वाळवलेल्या तपकिरी विटा. चुलीसमोर लाकडी हातांची खुर्ची होती. पुतणीने फोनवर सांगितलं होतं की काका त्याच खुर्चीत गेले, झोपेत, हृदय थांबलं. नोएलने आत शिरताच टोपी काढली होती.

पहिल्या दिवशी आम्ही नुसते कुडकुडलो. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चूल पेटवू या का? चहा होईल, तुमचे हात शेकतील." नोएल चुलीकडे बघत राहिला. "नको," तो म्हणाला, "घरातलं काही वापरायचं नसतं. कागदावर लिहिलंय." मी कामाला लागले तेव्हा डेक्लनने दिलेल्या छापील कागदावर माझी सही होती. मी तो वाचला नव्हता. "दहा मिनिटं," मी म्हटलं. लहानपणी आजोळी मी शेगडी पेटवायचे, मला त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याच्यासमोर एक तरी गोष्ट करून दाखवायची होती जी त्याने मला शिकवलेली नाही. मी जुनी वर्तमानपत्रं चुरगाळली, काटक्या रचल्या, वर टर्फ ठेवलं. थोडा धूर आत आला, मग जाळ धरला. त्या दिवशी आम्ही सामान बाहेर नेत होतो, मागचं दार सताड उघडं होतं. चहा झाला. नोएलने हात चुलीवर धरले, बोटं हळूहळू उघडली, आणि तो म्हणाला, "केट, तू संत आहेस." त्याच दुपारी भिंतीतल्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, मला चहाच्या बशीएवढं एक पांढरं प्लॅस्टिकचं यंत्र मिळालं. बॅटरी काढलेली होती. मी ते विजेच्या कचऱ्याच्या खोक्यात टाकलं. काय आहे ते, हे उलटून वाचलंसुद्धा नाही.

घरी गेल्यावर डोकं दुखत होतं. मावशीने माझे केस हुंगले. "धुराचा वास येऊन रायला. चूल पेटवली का कुठं?" मी हो म्हटलं. ती हसली. इथे आल्यापासून तिला पहिल्यांदाच कुणीतरी ओळखीचं काम केलेलं भेटलं होतं.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला होता. मी पोचल्या पोचल्या चूल पेटवली. या वेळी नोएलने अडवलं नाही. त्याला म्हाताऱ्याची कागदपत्रं वेगळी करायची होती. पुतणीला द्यायची एका खोक्यात, जाळायची दुसऱ्यात. कागद उडत होते म्हणून त्याने मागचं दार लावलं, खिडकी लावली आणि त्या खुर्चीत बसला. मी वर गेले. वरच्या खोलीत बुरशी इतकी होती की मी खिडक्या उघडून, तोंडाला मास्क लावून फरशीवरचं सडकं कार्पेट कापत बसले. मास्क, हातमोजे, पुढे लोखंड असलेले बूट, सगळं अंगावर होतं. मी फार सावध मुलगी होते.

बऱ्याच वेळाने खाली आले. स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं तर नोएल झोपला होता. मान छातीवर, मांडीवर कागद, आणि गाल छान गुलाबी. तीन दिवसांत त्याच्या तोंडावर मी इतका रंग पाहिला नव्हता. बिचाऱ्याला ऊब लागली, असं वाटलं. वाटलं, झोपू दे. आतली ऊब जाऊ नये म्हणून मी दार हळूच ओढून घेतलं, कडी वाजू न देता. ही गोष्ट मी पुढे चौकशीला आलेल्या निरीक्षकांना सांगितली नाही, नोएलच्या बायकोला, ब्रीडाला नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

मी पाऊण तास एकटीने व्हॅन भरली. एकटीने, आवाज न करता, त्याला जाग येऊ नये म्हणून. मग जेवायला उठवायला डबा घेऊन आत गेले. "नोएल." मग मोठ्याने, "नोएल!" खांदा हलवला तर तो बाजूला कलंडला. तोंडातून फेस आला होता. माझं डोकं गरगरायला लागलं, आणि त्याच क्षणी, कुणी न सांगता, मला कळलं की हे हृदय नाही. हे हवेत आहे. मी मागचं दार उघडलं, त्याच्या खुर्चीखालची सतरंजी धरली, त्याला तिच्यावर ओढून घेतलं आणि त्यानेच शिकवलं होतं तसं, कंबरेत न वाकता, पाठीमागे चालत त्याला अंगणात आणलं. डबा उपडा झाला होता. पावसात त्याच्या तोंडाशी कान लावला तर श्वास होता, अगदी बारीक. फोनला सिग्नल मिळेपर्यंत मी रस्त्याने धावत गेले आणि परत येताना मला वाटत होतं की तो आता नसणार.

तो होता. रुग्णवाहिका आली, ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी धुराड्यातून काढलेली काड्यांची रास मी डोळ्यांनी पाहिली, दोन मोठी पोती भरून. जॅकडॉ म्हणून एक करड्या मानेचा लहान कावळा असतो तिकडे. तो धुराड्यात वरून काड्या टाकत राहतो, अडकेपर्यंत, आणि मग त्यावर घर करतो. धूर कसाबसा वाट काढत होता. जो वायू दिसत नाही, ज्याला वास नाही, तो कार्बन मोनॉक्साइड खोलीत उतरत होता. त्याने माणसाचे गाल गुलाबी होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. बॅटरी काढलेलं ते पांढरं यंत्र त्याच वायूचा अलार्म होतं.

इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये डेक्लन भेटला. वाईट माणूस नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. "चूल कुणी पेटवली?" त्याने विचारलं. मी बुटांकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ केट. तू स्टुडंट व्हिसावर आहेस. नोएल इथला आहे, तीस वर्षं या शहरात काम केलेला. त्याला कोणी काही करणार नाही. त्याला जाग आली तर तोही हेच म्हणेल." तो गेला. दुसऱ्या दिवशी कामाच्या जागच्या सुरक्षेचं बघणाऱ्या निरीक्षक बाई आल्या. शांत, करड्या केसांच्या, हातात साधी वही. त्यांनी विचारलं, "तू स्वयंपाकघरात आलीस तेव्हा चूल पेटलेली होती?" मी म्हटलं, "हो." "म्हणजे नोएलने पेटवली?" मी म्हटलं, "हो." त्यांनी लिहिलं. बोलून झाल्यावर त्यांनी मला पाणी दिलं.

त्याच आठवड्यात म्हाताऱ्याची पुतणी इस्पितळात आली. चाळिशीची, ओला कोट घातलेली. मला बाजूला घेऊन तिने एकच विचारलं, "तो कसा दिसत होता? तुमचा माणूस, खुर्चीत?" मी सांगितलं, झोपल्यासारखा. "गाल लाल होते?" मी मान हलवली. ती भिंतीला टेकली. "काका पण असेच होते," ती म्हणाली, "शवपेटीत सगळे म्हणत होते, किती छान दिसतोय. मी स्वतः म्हटलं होतं." तिने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मग गेली. परत कधी भेटली नाही. पण तिचं ते "मी स्वतः म्हटलं होतं" मला अजूनही ऐकू येतं, दुकानात, बसमध्ये, मुलीच्या शाळेच्या दारात, कुणाचे गाल थंडीने लाल झालेले दिसले की.

पाचव्या दिवशी नोएल नीट बोलायला लागला. त्याला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. त्याची बायको ब्रीडा पलंगाशी बसून त्याला सगळं सांगायची, जे तिला सांगितलं गेलं होतं ते. मी भेटायला गेले तर तो उशीला टेकून म्हणाला, "केट! मी कसला गाढव गं. तुला सतरा नियम शिकवले आणि स्वतः परक्या घरात चूल पेटवली. तुला काही झालं असतं तर?" ब्रीडा माझ्याकडे बघून डोळे पुसत होती. "हिने तुला ओढून बाहेर काढलं," ती त्याला म्हणाली. "हिच्यामुळे तू आहेस." मी मोसंबी सोलत बसले. तीन आठवडे मी दर दोन दिवसांनी गेले. तीन आठवडे तो पूर्ण शुद्धीत होता, घरी गेला, बागेत फिरला, मला चेष्टेने "माझी डॉक्टर" म्हणायला लागला, आणि त्या तीन आठवड्यांत रोज मी ठरवायचे की आज सांगायचं. व्हिसाची तारीख जवळ होती. परीक्षा होती. मला वाटायचं, तो पूर्ण बरा होऊ दे, मग.

चौथ्या आठवड्यात ब्रीडाचा फोन आला. नोएल सकाळी उठला आणि त्याला बुटांच्या नाड्या बांधता येईनात. मग रस्ता चुकला. मग कालचं आठवेना. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. माणूस सावरल्यासारखा वाटतो आणि मग मेंदू खचतो. जुनं राहतं, नवीन टिकत नाही.

त्या दिवशी मी जेवले नाही. मावशी भरलेलं ताट घेऊन माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेला बसली. "काऊन अशी करून रायली? त्याले तूच तं वाचवलं." मी तिला सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. बाहेर बाळ खुळखुळा वाजवत होतं. मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे पोरी, होते असं. ती म्हणाली, "मंग त्याले जाऊन सांग. तो जित्ता हाये नं? जाय. आजच जाय." आणि ताट उचलून घेऊन गेली.

मी आधी निरीक्षक बाईंकडे गेले. त्यांनी पुन्हा वही उघडली, पहिलं खोडलं नाही, खाली दुसरं लिहून घेतलं, तारीख घातली, सही घेतली. रागावल्या नाहीत. "हे आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाल्या. व्हिसाला काही झालं नाही. मी जिला भीत होते ती गोष्ट मुळात नव्हतीच. डेक्लनला नियम कडक करावे लागले, त्याने मला कामावरून काढलं आणि पुढे रस्त्यात दिसला तरी मान फिरवायचा. मग ब्रीडाकडे गेले. तिने चहा ओतता ओतता ऐकलं. किटली खाली ठेवली. खिडकीबाहेर पाहत राहिली. "ते त्याला सांग," ती शेवटी म्हणाली. "त्याला फार लागलंय ते. सारखं तेच बोलतो."

मी सांगितलं. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून, हळू, एकेक वाक्य. "नोएल, चूल तुम्ही नाही पेटवली. मी पेटवली. तुम्ही नको म्हणाला होतात." त्याचा चेहरा गोंधळला, मग ओठ थरथरायला लागले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. काय बोलला ते मला नीट कळलं नाही. पण मला वाटलं, झालं. सांगितलं. पुढच्या आठवड्यात गेले तर तो दारातच म्हणाला, "ये केट. बघ, मी कसला गाढव. परक्या घरात चूल पेटवली."

मी परत सांगितलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. सहा-सात वेळा सांगितलं असेल. खोटं त्याला शुद्धीत असताना सांगितलं गेलं होतं, ते पक्कं बसलं होतं. खरं मी उशिरा नेलं, त्याला बसायला जागा उरली नव्हती. शेवटी ब्रीडाने मला अंगणात नेलं. "आता सांगू नकोस," ती म्हणाली. "तू गेल्यावर तो दिवसभर अस्वस्थ असतो. कशाने ते त्याला आठवत नाही, नुसता फेऱ्या मारतो, रडतो. तुला हलकं वाटत असेल. त्याला नाही." आणि मग, मी निघणार असं वाटून, "पण येत राहा. त्याला तू आवडतेस."

आज मी कचरा उचलणाऱ्या आणि घरं रिकामी करणाऱ्या लोकांना सुरक्षेचं शिकवते. ट्रलीपासून डब्लिनपर्यंत फिरते. सह्या घेण्याआधी कागद मोठ्याने वाचून घेते. माझी मुलगी म्हणते, "Mam, you're obsessed," आणि घरातल्या प्रत्येक खोलीत एक अलार्म का आहे हे तिच्या मैत्रिणींना हसत सांगते. मी तिला ही गोष्ट अजून सांगितलेली नाही. ती मराठी ऐकते, वाचत नाही.

नोएल त्यानंतर नऊ वर्षं जगला. मी महिन्यातून एकदा तरी जायचे. हळूहळू तो माझं नाव विसरला, मग मी कोण ते विसरला. मी त्याच्यासाठी कुणीतरी तरुण मुलगी झाले, नव्याने कामाला लागलेली. तो मला समोर बसवायचा, थंड हातांत माझा हात घ्यायचा आणि फार काळजीने सांगायचा, "हे बघ पोरी, परक्या घरात कधी चूल पेटवू नकोस. मी पेटवली होती. माझ्याबरोबर एक मुलगी होती, चांगली मुलगी, माझ्या मूर्खपणाने मेली असती." मग माझ्याकडे रोखून बघायचा. "नाही ना पेटवणार?"

ब्रीडा दारात उभी असायची. मी म्हणायचे, "नाही, नोएल. नाही पेटवणार."

"शाब्बास," तो म्हणायचा, आणि माझा हात सोडायचा.